दारावरचा फलक आणि मनातली भीड



डिचोली तालुक्यातील सर्वण हे गाव ज्यांनी पाहिले नसेल, त्यांना एवढे सांगितले तरी पुरे की, ते डिचोली शहराच्या शेजारी वसलेले असून तेथील पंचायत कारापूर-सर्वण अशा जोडनावाने ओळखली जाते. अशा एखाद्या गावातील मनुष्याच्या छातीत मध्यरात्री कळ येते, किंवा कोणी माडावरून पडतो, तेव्हा घरची मंडळी त्याला प्रथम डिचोलीच्या आरोग्य केंद्रात नेतात; आणि दुखणे तेथे आटोपण्यासारखे नसेल तर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. पूर्वी या प्रवासाचीच मोठी धास्ती असे. आता रस्ते झाले, पूल झाले, आणि १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका दारात उभी राहते. पण रुग्णालयाचे दार गाठल्यावर जो काळ सुरू होतो, त्याला मात्र घड्याळ नसते. आत काय चालले आहे? आपला नंबर केव्हा येणार? आपल्यामागून आलेल्याला आधी का नेले? या प्रश्नांची उत्तरे कोणाला विचारावी, हेही पुष्कळांना कळत नाही.

तातडीच्या विभागात, ज्याला आपण सगळेच कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, वाट पाहणाऱ्या माणसाला ही उत्तरे दिव्यांच्या फलकावरून द्यावीत, असा विचार अलीकडे जगभर मूळ धरू लागला आहे. वरकरणी ही केवळ यंत्राची सोय वाटते. परंतु तिच्यामागे एक लांबलचक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या गोमंतकाच्या भूमीवर घडलेला आहे. रुग्णालयाने आजाऱ्याला काय सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, आणि काय सांगितलेच नाही, याचा तो इतिहास होय.

अफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा जिंकले, आणि त्यानंतर लवकरच जुन्या गोव्यात राजाच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे आली. १६०८ साली पिरार द लाव्हाल नावाचा एक फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत या रुग्णालयात येऊन पडला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या संस्थेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. तेथील स्वच्छता, रुग्णांची शुश्रूषा, चांदीची आणि चिनी मातीची भांडी हे सारे पाहून जगात यासारखे दुसरे रुग्णालय नसावे, असे त्याला वाटले. पण हे वैभव कोणासाठी होते? ते होते पोर्तुगीज शिपायांसाठी आणि युरोपातून आलेल्या गोऱ्या माणसांसाठी. एतद्देशीयांची सोय निराळी होती. तेव्हा येथल्या शेतकऱ्याला रुग्णालयाने काय सांगावे, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता; कारण त्या दारात तो उभाच राहत नव्हता.

त्यातही डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश पोर्तुगिजांच्या अमलाखाली कायमचे आले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. या नव्या काबिजादींतील लोकांचा आजारपणाचा आधार म्हणजे गावचा वैद्य. वैद्याला शस्त्रक्रिया साधत नसे, साथीच्या रोगापुढे त्याचे काही चालत नसे, हे मान्यच केले पाहिजे. पण तो घरी येई, अंथरुणापाशी बसे, आणि नाडी पाहता पाहता घरच्यांच्याच भाषेत बोले. पथ्य काय, औषध किती दिवस, उतार केव्हा पडेल, हे तो न विचारता सांगे. रोग्याशी आणि त्याच्या माणसांशी संभाषण हा त्याच्या विद्येचाच एक भाग होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेला औषधींवरील ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि त्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलताना आढळतो. वैद्यक आणि बोलणे यांचा संबंध त्या विद्वानालाही जाणवला असावा, असे म्हणावेसे वाटते.

पुढे हा संबंध तुटला. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने कोकणीचा वापर बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे असा हुकूम काढला. हुकमाने लोकांची जीभ बदलली नाही, हे खरे. परंतु कचेरीत, न्यायालयात आणि पुढे रुग्णालयातही कागद एका भाषेत आणि माणूस दुसऱ्या भाषेत, अशी जी फारकत झाली, ती शतकानुशतके टिकली. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली. आशिया खंडात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या अगदी जुन्या संस्थांत तिची गणना होते. तेथून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींपर्यंत जाऊन नावाजले. हे डॉक्टर आपल्याच मातीतले असल्यामुळे आजाऱ्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलत. पण शिकवणे पोर्तुगीज, नोंद पोर्तुगीज, आणि दारावरची पाटीही पोर्तुगीज. डिचोलीकडचा मनुष्य मराठी शाळेत अक्षरे गिरवलेला असला, तरी रुग्णालयाच्या भिंतीपुढे तो निरक्षरच ठरे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ साली या शाळेचे रूपांतर गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाले. तरीही उत्तर गोव्यातील आजाऱ्याला पणजी गाठायची तर मांडवी ओलांडावी लागे. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत आजाऱ्याला घेऊन बसलेली माणसे हे तेव्हाचे नेहमीचे दृश्य. १९७० साली मांडवीवर पूल झाला. तो १९८६ च्या जुलै महिन्यात कोसळला, आणि पुन्हा काही वर्षे फेरीबोट नशिबी आली. १९९३ साली रुग्णालय बांबोळीच्या माळावर गेले. पणजीतील ज्या जुन्या वास्तूत आजारी माणसे बसत, तेथे २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते.

अंतर अशा रीतीने कमी होत गेले. २००५ साली हैदराबादेत सुरू झालेली १०८ ची सेवा २००८ साली गोव्यात आली, तेव्हा तर घर आणि रुग्णालय यांच्यामधली वाट निम्म्याहून अधिक सोपी झाली. मात्र रस्त्यावरची प्रतीक्षा जसजशी घटली, तसतशी रुग्णालयाच्या ओसरीवरची प्रतीक्षा डोळ्यांत भरू लागली.

ही प्रतीक्षा समजावून घ्यायची तर थोडे युरोपात डोकावले पाहिजे. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा एक शस्त्रवैद्य होता. रणांगणावरून जखमींना त्वरेने हलवणाऱ्या गाड्या त्याने सुरू केल्या; आजच्या रुग्णवाहिकेची ती आजीच म्हणावी. त्याने आणखी एक नियम घातला: ज्याची जखम अधिक घातक, त्याच्यावर उपचार आधी, मग तो सरदार असो की साधा शिपाई, आपल्या बाजूचा असो की शत्रूचा. या निवडीला पुढे ‘ट्रायाज’ हे फ्रेंच नाव मिळाले. मूळ शब्द व्यापाऱ्यांचा. लोकर किंवा कॉफीच्या बिया निवडून त्यांची प्रत लावण्यासाठी तो वापरला जाई. आज जगातील बहुतेक मोठ्या तातडीच्या विभागांत हीच निवड पहिल्या काही मिनिटांत होते. इंग्लंडातील मँचेस्टर येथे १९९० नंतरच्या दशकात तयार झालेल्या पद्धतीत आजाऱ्यांचे पाच रंग केले आहेत: तांबडा म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत आणि निळा चार तासांत. भारतात अनेक ठिकाणी तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीनच रंग योजतात.

आता ही गोष्ट आपल्या अनुभवाशी ताडून पाहा. आपण लहानपणापासून जी रांग शिकलो, ती आधी येणाऱ्याची. रेशनच्या दुकानात, बसथांब्यावर, देवळात प्रसादाला, सर्वत्र जो आधी आला त्याला आधी, हाच न्याय. कॅज्युअल्टीत मात्र हा न्याय चालत नाही, आणि चालूही नये. हात मोडलेला मुलगा सात वाजता आला आणि हृदयविकाराचा रोगी आठ वाजता आला, तर आठचा आधी आत जातो. डॉक्टरच्या दृष्टीने हा शुद्ध न्याय; बाहेर बसलेल्या बापाच्या दृष्टीने हा शुद्ध वशिला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. मधला खुलासा तेवढा कोणी केलेला नसतो. या न केलेल्या खुलाशातून संशय उपजतो, संशयातून शब्दाला शब्द लागतो, आणि कधी कधी हात उगारला जातो. रुग्णालयातील मारहाणीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या दुखण्याची खोली कळावी.

कायदा शिक्षा करू शकतो; त्याने संशय फिटत नाही. तो कशाने फिटतो, याचा विचार इतरत्र झालेला आहे. अमेरिकेतील डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि किती वेळ हे ठाऊक नसले की ती आणखी लांबते, हे त्याचे सूत्र. आपल्या आजीलाही हे ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. पण आजीचे शहाणपण रुग्णालयाच्या भिंतीवर चढवण्याचे काम इंग्लंडात २०११ नंतर झाले. तेथील डिझाइन कौन्सिल या संस्थेच्या पुढाकाराने साउदॅम्प्टन आणि लंडन येथील दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत प्रत्येक जागी पाट्या लावल्या: तुम्ही आता येथे आहात, येथे हे होईल, यानंतर ते होईल, आणि वेळ लागतो तो अमुक कारणाने लागतो. या विभागात या क्षणी किती गर्दी आहे, तेही पडद्यावर दाखवावे, अशी ती योजना होती. पाहणी केली तेव्हा शंभरातील पंचाहत्तर रुग्णांनी, या पाट्यांमुळे आपली चीड कमी झाली असे सांगितले. आणि अरेरावीचे, धमकावण्याचे प्रकार निम्म्याने घटले. डॉक्टर वाढवले नव्हते, खाटा वाढवल्या नव्हत्या. जे आत ठाऊक होते, ते बाहेर सांगितले होते, इतकेच.

आपल्या देशात या प्रश्नाला हक्काचे रूप आले आहे. अपघातात सापडलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून दुसरीकडे पाठवले आणि तो वाटेतच मरण पावला. परमानंद कटारा यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले, आणि १९८९ साली निकाल झाला की, माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. कायद्याचे सोपस्कार मागाहून. या निकालातील एक गोष्ट आम्हा भाषणे करणाऱ्यांच्या विशेष लक्षात राहावी अशी आहे. न्यायालयाने एवढ्यावर न थांबता, हा निर्णय दूरदर्शन आणि आकाशवाणी यांवरून लोकांपर्यंत पोहोचवावा, असेही म्हटले. हक्क दिला आणि तो सांगितलाच नाही, तर तो दिल्यासारखा होत नाही, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते. पुढे २०१८ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेच्या मसुद्यात सतरा हक्क मांडले गेले. त्यांतील पहिला माहितीचा, आणि तीही रुग्णाला समजेल अशा भाषेत. तिसरा तातडीच्या उपचाराचा.

आता फलकाकडे वळू. तांबडा प्रकाश देणारा चिमुकला दिवा निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने तयार केला १९६२ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी. त्याच जातीच्या असंख्य दिव्यांनी उजळणाऱ्या पाट्या आज बँकेत आणि रेल्वे स्थानकावर दिसतात. थिवीच्या फलाटावर उभे राहिले तर गाडी किती उशिरा येणार, हे फलक सांगतो, आणि मंडळी कुरकुरत का होईना, पण स्वस्थ बसतात. रुग्णालयात हाच फलक का नको, असे सहज मनात येते. पण येथे एक सावधगिरी हवी. गाडीचा क्रम ठरलेला असतो; कॅज्युअल्टीचा क्रम प्रत्येक येणाऱ्या रुग्णवाहिकेबरोबर बदलतो. तेव्हा बँकेतल्यासारखा नुसता आकडा झळकवून भागणार नाही. ‘सत्तेचाळीस’ नंतर एकदम ‘बावन्न’ उमटला, की जुना संशय अधिक ठळक अक्षरांत परत येईल.

फलकाने म्हणूनच आधी नियम सांगितला पाहिजे: येथे आधी आलेल्याला आधी घेतले जात नाही, ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याला आधी घेतले जाते. मग सद्यःस्थिती: या घटकेला तांबड्या रंगाचे इतके रुग्ण आत आहेत. मग पुढची पायरी: नोंद, तपासणी, रक्ताची चाचणी, क्ष-किरण, निकाल, आणि चाचणीच्या निकालाला सामान्यतः किती वेळ लागतो, ते. खोटा दिलासा मात्र देऊ नये. अर्धा तास म्हणून दोन तास लावण्यापेक्षा ‘आज वेळ अधिक लागत आहे’ हे सरळ सांगणे बरे. आणि कोणाचे नाव, कोणाचा रोग भिंतीवर येता कामा नये. टोकनाचा क्रमांक पुरेसा आहे. चारचौघांत आपले दुखणे उघडे पडावे, असे कोणाला वाटेल?

भाषेचा प्रश्न तर गोमंतकात टाळताच येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही शासकीय कामकाजात वाव राहिला. बांबोळीला सिंधुदुर्गातून मराठी बोलणारे येतात, कारवारहून कानडी बोलणारे येतात, आणि कामधंद्यासाठी दूरदेशीहून आलेले हिंदी बोलणारेही येतात. रंगवलेल्या पाटीवर इतक्या भाषा मावत नाहीत. दिव्यांच्या फलकाचा खरा लाभ हा की, तो दर काही क्षणांनी भाषा बदलू शकतो. एके काळी ज्या भिंतीवर एकच परकी भाषा होती, तिच्यावर आता येणाऱ्याची भाषा उमटू शकते, हा बदल सामान्य नव्हे. तरीही २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साक्षरता शंभरात सुमारे एकोणनव्वद होती, हे विसरू नये. म्हणजे दहातील एकाहून अधिकांना तो फलक मुका आहे. शिवाय ज्याची दृष्टी अधू झाली आहे, जो वेदनेने कळवळतो आहे, त्याला अक्षरे कशी दिसणार? म्हणून फलकाबरोबर चित्र हवे, ध्वनिक्षेपकावरून सांगणारा आवाज हवा, आणि ‘काय हवे, काकी?’ असे विचारणारी एखादी परिचारिका हवीच हवी. फलकाने तिच्यावरचा प्रश्नांचा भार हलका करावा. तिची जागा घेऊ नये.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिच्यापायी जीव जातात. आपल्याकडचा खेड्यातला मनुष्य मोठ्या रुग्णालयात गेला की गप्प होतो. दुखणे वाढले तरी, ‘डॉक्टर कामात आहेत, उगाच कशाला त्रास’ असे म्हणून सोसत राहतो. ही नुसती सौजन्याची गोष्ट नाही. ज्या दारात पूर्वी आपल्याला प्रवेशच नव्हता, आणि प्रवेश मिळाल्यावरही जेथली पाटी आपल्याला वाचता येत नव्हती, त्या दारात पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले ते मौन आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो; कॅज्युअल्टीच्या बाकावर ती मृत्यूची बहीण ठरू शकते. हिरवा रंग मिळालेला रोगी तासाभराने पिवळा होऊ शकतो, पिवळ्याचा तांबडा होऊ शकतो. आणि हा बदल सर्वांत आधी कळतो तो त्यालाच आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला.

म्हणून फलकावर दुसरे काही लिहायला जागा उरली नाही तरी चालेल, पण एक ओळ सतत तेवत राहिली पाहिजे: दुखणे वाढले, श्वास लागला, शुद्ध हरपू लागली, तर नंबराची वाट पाहू नका, येथे येऊन लगेच सांगा. डिचोलीच्या केंद्रात जोवर दिव्यांचा फलक परवडत नाही, तोवर ही ओळ रंगाने रंगवून लावता येईल. तिला वीज लागत नाही. सर्वणच्या माणसाला बोलण्याची मुभा आहे, हे त्याला त्याच्या अक्षरांत आणि रुग्णालयाच्याच तोंडून कळले पाहिजे, एवढीच तिची अट आहे.